एकाच नंबरच्या जावा

लातुरात दवाखान्यांच्या गल्लीत माझी लहानशी लॅब आहे. खाली औषधाचं दुकान, वर मी. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट हातात द्यायचा, एवढाच माझा धंदा. लोक मला खमकी म्हणतात. म्हणू देत. सुई हातात धरणाऱ्या बाईनं भित्रं दिसून चालत नाही, नाहीतर पैलवानसुद्धा दंड मागं ओढतो. पण आता रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना मला भीती वाटते, आणि ती का वाटते हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आधी आमचा सगळा कारभार एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा. तो बिघडला की एक दुरुस्तीवाला मोटारसायकलवरून यायचा, चहा प्यायचा, मागचं झाकण उघडून फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "व्होल्टेजचा घोळ हाय ताई." दरवेळी व्होल्टेजचाच घोळ. मी त्याला शिव्या घालायची, तो हसायचा. एका उन्हाळ्यात गेलेली लाइट अशी धाडकन आली की कॉम्प्युटरमधून धूर निघाला. सगळे रिपोर्ट गेले. दुरुस्तीवाल्यानं हात जोडले. "आता देवाचं नाव घ्या," म्हणाला.

आमच्या ह्यांना नव्या गोष्टीचा लई सोस. त्यांनी एका कंपनीचा माणूस आणला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉप. म्हणाला, मॅडम, आता लॅबमध्ये काही ठेवायचंच नाही. सगळं क्लाउडवर. महिन्याला ठरलेली फी द्या. दुरुस्ती आमची, बॅकअप आमचा, रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाईलवर. तुम्ही फक्त रक्त काढा.

मी म्हटलं, "लातूरच्या माणसाला ढगाचा भरवसा सांगताय व्हय? इथं ढग येतात, तोंड दाखवतात आणि पुढं निघून जातात."

तो नुसता हसला. परगावचा होता. मग मी विचारलं की माझ्या पेशंटची माहिती नेमकी राहणार कुठं? तो म्हणाला, सर्व्हरवर. सर्व्हर कुठंय? तर म्हणे मुंबईत असेल नाहीतर हैदराबादेत, नेमकं सांगता येणार नाही. मला ते बरं वाटलं नव्हतं. रक्त माझ्या फ्रिजमध्ये, आणि त्या रक्ताची गोष्ट कुठं ते विकणाऱ्यालाही माहीत नाही! पण जळक्या कॉम्प्युटरकडं बघून मी हो म्हटलं.

खोटं कशाला बोलू, काम झकास चालायला लागलं. लातूरजवळच्या मुरुडला आम्ही रक्त गोळा करायचं एक केंद्र टाकलं. तिथला माणूस तिथंच नाव भरायचा, नळ्या गाडीनं लातूरला यायच्या, संध्याकाळी रिपोर्ट मुरुडच्या फोनवर. लोक म्हणायचे, ताईची लॅब लई पुढं गेली.

आता आमच्याकडची रीत सांगते. गावाकडच्या घरात मोठा फोन एकाचाच. बायकांना नंबर विचारला की त्या त्याचाच सांगतात. धाकट्या दिराचा, थोरल्या भायाचा, पुतण्याचा. वय विचारलं तर सासू पुढं होऊन म्हणते, "लिवा की पंचवीस." तिशीतलीही पंचवीस, विशीतलीही पंचवीस. आणि नाव? सुनेचं नाव चारचौघांत कशाला घ्यायचं, म्हणून मुरुडचा माणूस सरळ 'सौ.' लिहून पुढं आडनाव टाकायचा. आम्हाला कधी अडचण आली नाही. आम्ही माणसं ओळखत होतो ना.

कंपनी ओळखत नव्हती. एका रविवारी त्यांनी त्यांच्याकडून सगळी माहिती साफसूफ केली. एकाच नंबरचे, एकाच आडनावाचे, एकाच वयाचे पेशंट दिसले की दोनदा भरलेला एकच माणूस समजून एकत्र केले. त्याआधी म्हणे पडद्यावर परवानगी मागितली होती आणि आमच्या लॅबमधून कुणीतरी 'पुढे' दाबलं होतं. मी दाबलं की ह्यांनी, यावर आमच्या घरी अजून भांडण होतं.

आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. एका सकाळी मुरुडची एक बाई पेढ्याचा पुडा घेऊन जिना चढून आली. तिची धाकटी जाऊ इथंच आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडं बाळंत झाली होती, परवा दुपारी. "पोरगी झाली ताई, लक्ष्मी आली," म्हणत तिनं पेढा माझ्या तोंडातच कोंबला. तिला स्वतःला पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं, त्यासाठी तिचे जुने रिपोर्ट हवे होते. तोंडात पेढा ठेवूनच मी तिच्या नवऱ्याचा नंबर टाकला.

पडद्यावर एकच बाई आली. सौ., आडनाव, पंचवीस. तिच्याखाली गरोदरपणाच्या तपासण्या, आणि तिच्याच खाली पित्ताच्या. एकाच दिवशी थायरॉइडचे दोन रिपोर्ट, दोन्हींत आकडे वेगळे. आणि ब्लड ग्रुप एकच. बी पॉझिटिव्ह.

पेढा तसाच गिळून मी आकडे पुन्हा वाचले.

"तुमचा ब्लड ग्रुप कोणता हो?" मी विचारलं.

"घ्या! ते तुम्हालाच म्हाईत. आमी कशाला ध्यानात ठिवावं?"

मी तिचं बोट टोचलं. बी पॉझिटिव्ह. म्हणजे पडद्यावरचा ग्रुप थोरलीचा होता. मग धाकटीचा कोणता? तिची फाइल घरी राहिली म्हणून बाळंतपणाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडून नव्यानं रिपोर्ट मागवला होता, आणि आम्ही हाच, पडद्यावर दिसतो तोच, छापून पाठवला होता.

आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर या बाळाला काही होत नाही. पण आईचं रक्त पुढच्या बाळाचं वैरी होऊन बसतं, आणि ते बाळ पोटातच जाऊ शकतं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी फाइल उघडली. "तुमचाच कागद आहे, पॉझिटिव्ह लिहिलंय. मी इंजेक्शन दिलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचाही आवाज बदलला. "तिला आज सकाळीच घरी सोडलंय."

थोरली म्हणाली, "व्हय की. तिचा भाऊ जीपमधी घेऊन गेला. माहेरी, कंधारकडं. कामून? काय झालं?"

मी आधी कंपनीला फोन लावला. गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची पोरगी आली. मी सांगितलं, दोन बायकांचं रक्त तुम्ही एक केलंय, मला त्या मुलीचा पहिला रिपोर्ट आत्ता पाहिजे. ती म्हणाली, "मॅडम, आपली तक्रार नोंदवली आहे. बॅकअपमधून जुनी माहिती काढायला कामकाजाचे काही दिवस लागतील." मी ओरडले. खूप ओरडले. ती तेवढ्याच गोडीनं म्हणाली, "मॅडम, आपण शांत व्हा." तेव्हा मला तो व्होल्टेजवाला आठवला. निकामी होता, पण त्याची कॉलर धरता यायची. ही कुठं बसलीय, हिच्यावर कोण आहे, माझं काय काय हिच्या हातात आहे, मला काहीच माहीत नव्हतं.

मग धाकटीला फोन. कोणता फोन? तिच्याकडं फोनच नाही. तिचा नवरा चाकणला कारखान्यात कामाला, फोन गेटवर जमा. थोरलीच्या नवऱ्याचा मोठा फोन लागला, तर तो मुरुडला शेतात. जुने रिपोर्ट त्यानं फोनमधून कधीच पुसले होते, आणि फाइल घरात कुठं ठेवलीय हे धाकटीलाच ठाऊक. त्यानं तिच्या भावाचा नंबर दिला. भावाचा फोन बंद. ज्या एका नंबरानं दोघींची एक बाई केली, तोच आता तिला शोधायच्याही कामाचा नव्हता.

"गाव माहितीय का तुम्हाला?" मी थोरलीला विचारलं.

"हाव. लग्नाला गेलते की."

खालच्या दुकानातून इंजेक्शन घेतलं, नळ्यांच्या बर्फाच्या डब्यात ठेवलं, तपासणीच्या बाटल्या आणि काचा पिशवीत भरल्या. ह्यांनी गाडी काढली.

अहमदपूरपर्यंत मी स्वतःला समजावत होते की बहुतेकांचं रक्त पॉझिटिव्हच असतं, हिचंही असेल. उगीच घाबरतेय मी. पण भीती अशी समजावून जाते होय? मागं थोरली बोलत होती. तिला गप्प बसवत नव्हतं. "पोरगी झाली म्हणून सासूनं पेढे बी अर्धेच वाटले ताई. म्हणली, पुढच्याला पोटभर वाटू. दुसऱ्याची आतापासून वाट बघून राहिली म्हातारी." मग म्हणाली, "त्याला काई झालं, तर बोल हिलाच लावतील. पांढऱ्या पायाची म्हणतील. तुमच्या कॉम्प्युटरला कोण बोलतंय?"

मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले. बर्फ वितळला तर, रस्ता चुकला तर, ती तिथं नसलीच तर. मला रडू येत होतं आणि त्या गोड आवाजाच्या पोरीचा गळा दाबावासा वाटत होता, दोन्ही एकदम.

घर सापडलं. बाळंतीण आतल्या खोलीत बाजेवर होती, खाली शेगडी, ओव्याचा धूर. तिची आई दारातच आडवी आली. "आत्ता कशाला रगत काढायलात? हाय का माझ्या लेकीच्या अंगात?"

"मावशी, बाजूला व्हा," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की बाळ रडायला लागलं. त्याला आजीनं उचललं आणि वाट मोकळी झाली.

बाळंतीण घाबरून माझ्याकडं बघत होती. अगदी लहान चेहरा. "ताई, मला काय झालंय?"

"तुला काही झालं नाही. हात दे."

खिडकीशी, उजेडात, पितळी ताट उपडं घालून त्यावर मी काच ठेवली. तिच्या रक्ताचे थेंब सोडले, औषधं टाकली, काडीनं ढवळलं. पॉझिटिव्ह रक्त शेवटच्या औषधात नासलेल्या दुधासारखं फाटतं. मी काच हलवत राहिले. फाट, बाई, फाट. थोरली माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. थेंब तसाच राहिला. लाल, गुळगुळीत. निगेटिव्ह.

मग बाळाची टाच टोचली. ते केवढ्यानं रडलं! त्याचा थेंब लगेच फाटला. पॉझिटिव्ह.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरशी बोलून घेतलं. सिस्टर लगबगीनं आली, डब्यातलं इंजेक्शन गार आहे ना बघितलं आणि दिलं. तीन दिवसांच्या आत. मी भिंतीला टेकून खालीच बसले. तिच्या आईनं मला पाण्याचा तांब्या दिला.

नळीवर लिहायला मी पेन काढला. "नाव?"

"सौ. लिवा की," आई म्हणाली.

"नाही. तिचं नाव."

मुलीनं नाव सांगितलं. हळू, पण पुरं सांगितलं. वय विचारलं तर म्हणाली, "बावीस. दहावीच्या सर्टिफिकेटवर तारीख हाय."

"मग मुरुडला पंचवीस का सांगितलं?"

"मी न्हाई सांगितलं. मला कुणी इचारलंच न्हाई."

कंपनीनं जमेल तेवढं पूर्ववत करून दिलं, तेही आठवड्यानंतर. दिलगिरीची ईमेल आली, तिच्याखाली नावसुद्धा नव्हतं. ज्या ज्या नोंदी एकत्र झाल्या होत्या त्या वेगळ्या केल्या म्हणाले, पण कोणता रिपोर्ट कोणत्या बाईचा, हे काही ठिकाणी त्यांनाही खात्रीनं सांगता येईना. आम्ही कंपनी सोडली नाही. सोडून जाणार कुठं? जुन्या कॉम्प्युटरकडं? तो जळाला. पण आता मुरुडला मी स्वतः जाऊन बसते आणि सासूला बाहेर थांबवून सुनेला विचारते, तुझं नाव काय, वय काय.

राहिलं ते आधीचं. त्या रविवारी एक होऊन गेलेल्या बायका. कुणाला पुढचं बाळ असेल, कुणाच्या अंगात उद्या रक्त चढवायचं असेल. रोज लॅब उघडली की मी फोन घेऊन बसते आणि एकेक नंबर लावते. दरवेळी उचलतो तो पुरुष.

परवा निलंग्याकडचा एक होता. मी लॅबचं सांगितलं, तुमच्या नंबरवर एका बाईच्या रक्ताचा रिपोर्ट आहे म्हटलं.

"बायका लई हायत आमच्या घरी," तो म्हणाला. "आई हाय, दोन वैन्या हायत, माझी हाय, बहीण बाळंतपणाला आलीय. ह्यातली कोणती पायजे तुम्हाला?"

मी पडद्याकडं बघितलं. सौ., आडनाव, पंचवीस.

"सगळ्या घेऊन या," मी म्हटलं.