धोंडूबाईनं सांगितलेलं बाळ

धोंडूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या वॉर्डाच्या दारात, रखवालदाराशी भांडताना. तिच्या काखेत थर्माकोलचा डबा होता. डबा आत न्यायचा नाही, म्हणणाऱ्या त्या माणसाला ती सुनावत होती, "अरं, तुझ्या जल्माच्या आदीपासून मी बरफ वाहते, मना नको शिकवू." मी मध्ये पडले आणि डबा उघडायला लावला. आत बर्फाचा चुरा होता आणि त्यात फडक्यात गुंडाळलेली रिकामी बाटली. बाई सुनेचं दूध न्यायला आली होती.

मी धम्मदिना. राहायला नारपोलीत, नोकरी भिवंडीतल्या सरकारी रुग्णालयात, प्रसूती विभागात स्टाफ नर्स. अकरा वर्षं झाली. त्या सुमारास आमच्या नवजात बालकांच्या विभागाचं छत गळायला लागलं म्हणून तो दुरुस्तीला काढला आणि फाटकावर कागद चिकटवला: विभाग तात्पुरता स्थलांतरित, गैरसोयीबद्दल दिलगिरी. नळाला पाणी आलं नाही तर त्याला गैरसोय म्हणतात. इथं बाई बाळंत व्हायची भिवंडीत, आणि मूल कमी वजनाचं निघालं की अर्ध्या तासात ते अ‍ॅम्ब्युलन्समधून खाडीपलीकडच्या मोठ्या रुग्णालयात. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे, मध्ये कंटेनरची रांग. तो कागद मी रोज ड्युटीवर जाताना वाचायचे आणि रोज माझं डोकं फिरायचं.

सुनेचं नाव उन्नती. कोन गावची मुलगी, कशेळीला दिलेली, जेमतेम तेवीस वर्षांची. सातव्या महिन्यात बीपी वाढून झटके यायला लागले, तेव्हा खासगी दवाखान्यानं तिला दारातूनच आमच्याकडे पाठवलं. पुढे पाठवण्याइतका वेळ नव्हता. डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन सिझर केलं. मुलगा झाला, चौदाशे ग्रॅमचा. तिचा नवरा सार्थक गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. तो अ‍ॅम्ब्युलन्समधून मुलाबरोबर गेला, पण त्याला दिसली ती एक टोपी आणि एक नळी. उन्नती शुद्धीवर आली दुसऱ्या दिवशी दुपारी. पोट रिकामं, कूस रिकामी. तिनं सगळ्यात आधी विचारलं, "गेलं का?"

गेलं नव्हतं. पण ते तिला पटवायचं कसं? मोठ्या रुग्णालयात आता दोन रुग्णालयांची मुलं एका खोलीत ठेवलेली, त्यामुळे संसर्गाच्या भीतीनं आत फक्त आईला सोडत. बाप नाही, आजी नाही, मोबाइल तर मुळीच नाही. आणि ज्या आईला सोडलं असतं, तिला आम्ही हलवू शकत नव्हतो. बीपी उतरत नव्हतं, पुढे टाक्यांत पू झाला, आणि तिकडे तिच्यासाठी खाटही नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, की मुलाचं पोट नाजूक आहे, आईचंच दूध हवं, तेच त्याला तारेल. म्हणून ते पिळून काढून रोज खाडीपलीकडे पोचवायचं, हे काम धोंडूबाईनं अंगावर घेतलं.

या बाईबद्दल थोडं सांगते. जन्म खाडीकाठचा, लग्नही खाडीकाठीच. केसरीनाथ जाळं टाकायचा आणि ही भिवंडीच्या बाजारात मासळी विकायची, तीस वर्षं. भाऊबंदांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली आणि त्यांच्या दारात गाड्या आल्या. हिच्या वाट्याला खाऱ्या जमिनीची पट्टी आली होती, तिच्यावर काही उभं राहिलं नाही. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. बाजारात भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला गप्प करणारी तिची जीभ मात्र शाबूत होती. आमच्या मेट्रनही तिला दबकून असायच्या. "माशाला वास येऊ दिला न्हाय कदी, नातवाच्या दुधाला येऊ देईन?" असं ती डबा दाखवून विचारायची, आणि नवा डबा आहे हे पटावं म्हणून आम्हाला त्याचा वास घ्यायला लावायची.

पण दूध हवं ना! तिसऱ्या दिवशी उन्नतीच्या वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. मी शेकलं, चोळलं, धीर दिला, शेवटी रागावलेसुद्धा. ती छताकडे बघत पडून राहायची. मूल पाहिलेलं नाही, त्याचा आवाज ऐकलेला नाही, तर अंगाला तरी कसं कळावं दूध कुणासाठी उतरवायचं? ते चार थेंब मी बाटलीत निथळवले आणि धोंडूबाई ते घेऊन गेली. मला त्या थेंबांची लाज वाटली.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा उन्नतीनं कण्हतच विचारलं, "आई, कसाय तो?"

धोंडूबाई खाटेशी टेकली. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "गोरा हाय गो. नाक बसकं, थेट आज्यावानी. मना बगून जांभई दिलीन मेल्यानं."

उन्नती हसली. शुद्धीवर आल्यापासून पहिल्यांदा. "अजून सांगा ना," म्हणाली. धोंडूबाई सांगत गेली. कपाळ रुंद, डोक्यावर केस कमी, कान इवलेसे. मी वाटी धरून बसले होते आणि वाटीत धार लागली. खरीखुरी धार. अर्धी वाटी भरली तशी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मी धोंडूबाईला जिन्यात गाठलं. आईशिवाय आत कुणालाच सोडत नाहीत, तो हुकूम मी स्वतः वाचला होता.

"आजी, तुम्ही बाळ पाहिलंत?"

"कोन दाखवतंय मना! खिडकीतून हात येतो, बाटली घेतो. काचेला पडदा हाय."

"मग ते नाक, ते कान?"

"मंग काय करू, बाय? तिला सांगू की आत हाय का न्हाय ते मनाच म्हाईत न्हाय?" तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "दूध आलं ना?"

दूध आलं होतं.

पुढे हे रोजचं झालं. सकाळी एक फेरी, दुपारी एक. अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, मेट्रोचे खांब, धूळ, हॉर्न. तिचं घर त्याच रस्त्यावर, पण जाताना ती घोटभर पाण्यालाही रिक्षातून उतरली नाही, बर्फ वितळेल म्हणून. परत आली की ती खाटेशी बसायची आणि उन्नतीला मुलाचं काहीतरी नवं सांगायची. आज त्यानं बोट धरलं. आज शिंकला. उन्नती त्याला बाब्या म्हणायला लागली. डोळे मिटून ऐकायची आणि दूध काढायची. शेजारच्या खाटांवरच्या बायाही ऐकायच्या. तिकडून रोज निरोप यायचा, की दूध पचतंय, वजन धरतंय.

माझे हात स्वच्छ आहेत असं समजू नका. बाराव्या दिवशी काल्हेरजवळ कंटेनर कलंडला आणि धोंडूबाई तीन तास अडकली. उन्नती घाबरीघुबरी झाली. "काहीतरी झालंय, तुम्ही सगळे लपवताय," म्हणून तिनं वाटी भिरकावली. दूध आटल्यासारखं बंद. तेव्हा मी, अकरा वर्षं नोकरी झालेली, शिकलेली बाई, बोलून गेले, "अगं, आत्ताच तिथल्या सिस्टरचा फोन आला. झोपेत हसतो म्हणे, खळी पडते."

कुठला फोन आणि कुठली खळी!

"कुठल्या गालाला?" तिनं विचारलं.

"डाव्या."

वाटी भरली.

एकोणिसाव्या दिवशी उन्नतीला घरी सोडायचं ठरलं. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयानं कळवलं, की मूल आता अंगावर प्यायला तयार आहे, आईला आणा. रुग्णालयाची गाडी चार आयांना घेऊन निघाली आणि सोबत म्हणून मला पाठवलं. उन्नतीनं केस विंचरून घेतले होते. शेजारच्या बाईला ती सांगत होती, मी त्याला शंभरात ओळखेन. धोंडूबाई खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा. कशेळीच्या पुलावर तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "सांगू का तिला?"

मी म्हटलं, "आता कशाला? मूल हातात आलं की सगळं विसरेल."

हा सल्ला माझा. पुढं जे झालं त्याचा अर्धा वाटा मी उचलते.

तिथं विभागाबाहेरच्या खोलीत आम्हाला खाटांवर बसवलं आणि एकेकीचं मूल आणून द्यायला सुरुवात झाली. तिथली सिस्टर मेघाली उन्नतीच्या मुलाला घेऊन बाहेर आली. सावळं मूल, नाक लांब, कपाळावर, कानांवर काळीभोर लव, गाल बसलेले. तिनं ते उन्नतीपुढे धरलं. उन्नती पुढं झाली, वाकली आणि थबकली. मग तिनं मेघालीच्या मागं पाहिलं, दुसरं मूल येतंय का म्हणून.

"हा नाही," ती म्हणाली. "माझा बाब्या आणा."

मेघाली हसली. पायाची पट्टी दाखवली, उन्नतीचं नाव, तारीख, वजन. उन्नती मागं सरली. "पट्टी कुणीपण बदलेल. माझा गोरा आहे. त्याच्या गालाला खळी पडते. तुम्ही माझं मूल कुणाला दिलंत?" शेवटचे शब्द ती किंचाळलीच. गोदामातून परस्पर येऊन दाराबाहेर थांबलेला सार्थक धावत आत आला आणि सिस्टरच्या अंगावर गेला. आमच्या गाडीतली एक बाई ओरडली, "बच्चे बदल गए क्या? मेरा दिखाओ पहले!" एका क्षणात सगळ्याजणी आपापल्या मुलांची दुपटी सोडायला लागल्या. उघड्या पडलेल्या त्या इवल्या जिवांनी रडून खोली डोक्यावर घेतली. डॉक्टर फाइल घेऊन आले, पावलांचे ठसे दाखवले. सार्थक म्हणाला, "पोलिसांना बोलवा, रक्त तपासा." डॉक्टर म्हणाले, "तपासा, पण निकाल यायला दिवस लागतील, तोवर हे मूल कुणाच्या अंगावर प्यायचं?" उन्नती म्हणाली, "ते मला माहीत नाही. याला मी हात लावणार नाही."

मी गप्प उभी होते. एका वाक्यात सगळं थांबलं असतं, पण नोकरी डोळ्यांपुढं आली. ते आठवलं की अजून मला स्वतःची किळस येते.

बोलली धोंडूबाई. तिनं डबा खाली ठेवला. "पोरी, ह्योच तुझा हाय."

"आई, तुम्ही तर रोज पाहिलंय! तुम्हीच सांगा यांना."

"मी बगलाच न्हाय त्याला. एक दिस पन न्हाय. मना आत सोडलाच न्हाय कोनी. मी आपली बोलत गेली, तुला दूध यावं म्हनून. खोटं बोलली मी."

उन्नती माझ्याकडे वळली. "आणि खळी?"

"ती मी सांगितली," मी म्हणाले. "फोन आला नव्हता."

मला वाटलं ती आमच्या अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाटेच्या कडेला बसली. तिथूनच, आम्हाला नाही, कुणालाच उद्देशून नाही, म्हणाली, "मग तो कुठंय?"

"कोन गो?"

"ज्याच्यासाठी मी दूध काढलं."

तो नव्हताच, आणि त्याच्याशिवाय हा जगला नसता. पण हे तिला त्या घटकेला कोणत्या तोंडानं सांगायचं? ती हमसून रडली. मूल गेलेल्या बायांना मी अकरा वर्षं पाहत आले आहे. त्या अशाच रडतात, हात मांडीवर उताणे टाकून.

मेघालीच्या हातातलं मूल भुकेनं कळवळलं. बारीक, चिरका आवाज. तो ऐकताच उन्नतीचा गाऊन छातीवर दोन्हीकडे ओला झाला. तिनं खाली पाहिलं आणि तळहातांनी छाती दाबून धरली, पण दूध थांबेना. मेघाली म्हणाली, "घ्या हो त्याला. पाजायची वेळ टळून गेलीय."

उन्नतीनं हात पुढं केले. मी मूल नीट लावून दिलं. दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा त्यानं धरलं. सार्थक भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"बग तरी त्याच्याकडं," धोंडूबाई विनवणीच्या सुरात म्हणाली.

उन्नतीनं डोळे घट्ट मिटून घेतले. मूल दोन घोट प्यायलं, मग ओढून ओढून रडकुंडीला आलं. धार आखडली होती.

"आई," डोळे न उघडता ती म्हणाली, "सांगा ना. रोज सांगता तसं. त्याशिवाय मला दूध उतरत नाही."

धोंडूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती खाटेशेजारी फरशीवर बसली आणि सुनेच्या अंगावरच्या त्या सावळ्या मुलाकडं बघत बघत त्या दुसऱ्या, गोऱ्या बाब्याचं सांगायला लागली.