मागच्या गाडीचे पैसे

मोटरहोम विकत घेणाऱ्या माणसाला अक्कल नसते, असं खविसाचं ठाम मत होतं. तीस वर्षं रस्त्याच्या कडेला असल्या गाड्यांचे टायर बदलून झाले, तरी ते मत बदलावं असं एकही गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. आत सोफा, फ्रिज, बाथरूम, भिंतीएवढा टीव्ही, आणि खाली टायर कसले, तर गाडी घेतली त्या दिवसाचे. वर्षातले अकरा महिने गाडी दारात उभी. उभ्या उभ्या टायर कडक होतो, बाजूने भेगा पडतात, पण वरची नक्षी नवीकोरी दिसते. मालक त्यावर काळं पॉलिश मारतो आणि स्वतःवरच खूश होतो. मग बाराव्या महिन्यात पाण्याची टाकी काठोकाठ भरायची, जणू चाललोय तिथे नळच नाहीत, वर चार माणसं, आठ खुर्च्या आणि एक कुत्रं कोंबायचं आणि भर उन्हात गाडी हाणायची. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. टायर फुटला की मात्र यांना पहिला धक्का टायरचा बसत नाही, बदलायच्या खर्चाचा बसतो.

खवीस हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. क्रेनवाल्यांनी आणि पंपावरच्या लोकांनी ते ठेवलं, कारण हा माणूस एक पैसा खाली उतरत नसे. फोनवर आकडा सांगायचा आणि गप्प बसायचा. पलीकडून हमखास यायचं, "एवढे? एका टायरचे?" त्यावर खवीस सावकाश सांगायचा, "टायरचे वेगळे. हे नुसते बदलायचे." पलीकडचा कळवळला की त्याला मनापासून बरं वाटायचं, आणि ते तो लपवतही नसे.

आकडा होताच तसा. लहान गाडीच्या सहापट. आता तुम्ही म्हणाल, ही लूट आहे. तर ऐका. नऊ टनांचं धूड चिखलात नाही तर उतारावर उभं असतं. जॅक कुठे लावायचा हे बनवणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. मागे दोन-दोन चाकं जोडीने असतात, आणि पंक्चर व्हायचं ते बरोबर आतलंच होतं. एकेक नट असा आवळलेला, की पाना धरून त्यावर उभं राहावं लागतं. हे सगळं मिळून झाला अर्धा आकडा. उरलेला अर्धा मागच्या गाडीचा.

मागची गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. टपावर पिवळा दिवा आणि बाणाची मोठी पाटी. ती खविसाची बायको चालवायची. चाकापासून थोड्या पावलांवर ती व्हॅन तिरकी लावायची, चाकं वळवून ठेवायची आणि स्वतः कठडा ओलांडून पलीकडे उभी राहायची. कुणी डुलकी लागलेला ट्रकवाला आलाच, तर त्याने आधी व्हॅनला धडकावं, चाकाशी वाकलेल्या माणसाला नव्हे, एवढाच तिचा उपयोग. गिऱ्हाइकांना तो पटत नसे. "आम्ही लाल त्रिकोण ठेवतो की," म्हणायची. त्रिकोण म्हणे. वाऱ्याने पडतो तो, आणि हे त्याच्या आडोशाला माणसाचा जीव ठेवायला निघालेले.

एकोणीस वर्षांपूर्वी ही व्हॅन नव्हती. तेव्हा खविसाबरोबर त्याचा धाकटा भाऊ काम करायचा, आणि मागे उभी करायची गाडी लागली तर भाड्याने आणायचे. एका सकाळी एका मोटरहोमवाल्याने फोनवर अर्धा तास घासाघीस केली. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून खवीस शेवटी म्हणाला, "बरं, अर्ध्यात करतो. एकट्याला पाठवतो." भाऊ गेला. जुनं चाक काढून झालं होतं, नवं दोन नटांवर बसलं होतं, आणि मागून टँकर आला. मोटरहोमवाला तेव्हा कठड्याजवळ उभं राहून फोनवर बोलत होता. त्याला खरचटलंही नाही.

पुढच्याच महिन्यात खविसाच्या बायकोने ती व्हॅन घेतली आणि नवऱ्याला सांगितलं, "मागे ही उभी नसेल तर चाकाला हात लावायचा नाही. कुणी का असेना." लेक तेव्हा सहा वर्षांची होती. काका अपघातात गेला, एवढंच तिला सांगितलं गेलं. त्यापुढचं सांगायची खविसाची कधी छाती झाली नाही.

ती लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि नशिबाने थट्टा अशी केली की तिच्या सासऱ्याने मोटरहोम घेतली. बत्तीस फुटी. व्याही एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेला, आयुष्यभर लोकांचे अर्ज अडवून बसलेला माणूस. "आमच्या घरात कष्टाला मान आहे," असं तो खविसाशी हात मिळवताना म्हणाला होता आणि मग रुमाल काढून हात पुसला होता. खविसाने एकदाच त्या गाडीच्या टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "व्याहीबुवा, हे सगळे बदला. भेगा बघा." व्याही विहीणबाईंकडे बघून हसला. "धंदेवाईक माणसाला सगळीकडे धंदाच दिसतो," म्हणाला. लेक खाली मान घालून उभी होती. त्या घरात गेल्यापासून ती हळू बोलायला शिकली होती.

त्या रविवारी साडेअकराला तिचा फोन आला. खवीस दुकानात रिम घासत होता.

"बाबा, आमचा टायर फुटलाय. मोठ्या पुलाच्या अलीकडे. मागचा, रहदारीच्या बाजूचा."

"तुला लागलं नाही ना?"

"नाही. बाबा, पप्पा म्हणतायत, दोन गाड्या नकोत. एकटेच या. अर्धे पैसे देतील ते."

"पैसे राहू देत गं. फुकट करतो, पण दोन्ही गाड्या आणतो."

फोन व्याह्याने घेतला. "फुकट आम्हाला नको, आम्ही कुणाचे उपकार घेत नाही. आणि तो पिवळ्या दिव्यांचा तमाशाही नको. आमच्या क्लबातले लोक याच रस्त्याने जातात, त्यांना वाटेल आमचं काय झालं. मागच्या गाडीने बिल कसं फुगतं ते मला कळतं, व्याहीबुवा. आयुष्य कचेरीत गेलंय माझं."

दुसरं कुणी असतं तर खविसाने असं काही सुनावलं असतं, की फोन कानाला चिकटला असता. पण पुन्हा लेक बोलायला आली, आणि आवाज इतका खाली घेऊन म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी या ना. नाहीतर वर्षभर हेच ऐकावं लागेल मला." जावई कामाला परगावी गेलेला. पोर एकटी त्या दोघांत. हो म्हणावं तर पाठ उघडी टाकून चाकाशी बसायचं, नाही म्हणावं तर पोरीचे हाल. एकोणीस वर्षं भल्याभल्यांना पाणी पाजणारा हा माणूस लोण्यासारखा वितळला. "येतो," म्हणाला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "मी येते."

"नको. एकट्याने या म्हणालेत."

"कोण म्हणालं? ज्याला टायरच्या भेगा दिसत नाहीत तो?"

खवीस निघाला. ती त्याच्या गाडीकडे बघत राहिली, मग किल्ली आणायला आत गेली.

पुलाच्या अलीकडे जे दृश्य होतं ते बघून खविसाला हसावं की रडावं कळेना. रस्त्याच्या कडेला मोटरहोम कलंडल्यासारखी उभी. तिच्या मागे, रहदारीपासून हातभर अंतरावर, सावली बघून व्याह्याने घडीची खुर्ची टाकलेली. पांढरी हाफपँट, पांढरी टोपी, हातात थंड पेय. वीस पावलांवर लाल त्रिकोण पडलेला, तो उचलायचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. लेक तेवढी कठड्यापलीकडे उभी होती. विहीणबाई आत एसी लावून आडव्या.

"त्यांना खाली उतरवा. गाडी उचलायची आहे."

"तिला ऊन सोसत नाही."

"गाडी अंगावर आलेली मलाही सोसणार नाही," खवीस म्हणाला. विहीणबाई उशी घेऊन उतरल्या आणि उपकार केल्यासारख्या कठड्यापलीकडे जाऊन बसल्या.

खविसाने फळ्या टाकल्या, जॅक लावला, टाकीतलं पाणी सोडून दिलं. व्याही खुर्चीतून सूचना देत होता. जॅक जरा डावीकडे घ्या, नट उलटा फिरवताय का, आमच्या पुस्तकात वेगळं दिलंय. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसतो, हा घडीच्या खुर्चीत बसला होता. खविसाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष पाठीकडे होतं. प्रत्येक ट्रक गेला की सदरा पाठीला चिकटायचा आणि पुन्हा सुटायचा. घाबरलोय, हे त्याला स्पष्ट कळत होतं.

तेवढ्यात मागे ब्रेक लागल्याचा आवाज झाला आणि पिवळा उजेड चाकाच्या रिमवर फिरू लागला. बायकोने व्हॅन नेहमीसारखी तिरकी लावली, घरातल्याच चपलांनी उतरली आणि कठडा ओलांडला.

"या गाडीचे पैसे मी देणार नाही," व्याह्याने आधीच सांगून टाकलं.

"मागितलेत कुणी?" ती म्हणाली. "आणि त्या खुर्चीतून उठा. ती बसायची जागा नाही."

व्याही उठला, पण तिच्या सांगण्याने नव्हे. पेय संपलं होतं. दुसरं आणायला तो मोटरहोमच्या पलीकडच्या दाराकडे गेला.

खविसाने नवं चाक चढवलं, तीन नट बसवले. चौथा हातात घेतला आणि मागे पत्रा फाटल्याचा आवाज झाला. पाइप भरलेल्या ट्रकने व्हॅनला उडवलं. व्हॅन गिरकी घेत घासत आली, खुर्ची तिच्याखाली गेली, आणि ती खविसापासून दोन हातांवर येऊन थांबली. ट्रक पुढे जाऊन उभा राहिला. चालक उतरून पळत आला, त्याच्या हातात अजून फोन होता. खविसाच्या बायकोने त्याला कानाखाली एक ठेवून दिली आणि मग खाली बसून रडायला लागली. लेक तिला धरून होती.

व्याही पलीकडून वळसा घालून आला. त्याने व्हॅन पाहिली, खविसाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माझी खुर्ची."

पोलीस आले, लिहून घेऊन गेले. ट्रक नेला, व्हॅन क्रेनला लावली. हे सगळं आटोपल्यावर खवीस परत चाकाशी बसला आणि उरलेले नट लावले. समोरासमोरचे एकेक करून, प्रत्येक दोनदा आवळून. मनात व्याह्याबद्दल काय होतं ते सांगण्यासारखं नाही, पण त्या गाडीत त्याची पोर बसणार होती.

व्याह्याने पाकीट पुढे केलं. "ठरल्याप्रमाणे. अर्धे."

"पप्पा, पूर्ण द्या," लेक म्हणाली. सासऱ्यासमोर ती इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होती.

"एका गाडीचं ठरलं होतं. दुसरी त्या स्वतःहून घेऊन आल्या."

"ती नसती तर बाबा मेले असते."

"असते, पण झालं का काही? जे झालंच नाही त्याचे पैसे कसले?" व्याही हे अगदी शांतपणे, समजुतीच्या सुरात म्हणाला. कचेरीत असाच म्हणत असेल. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात, पण इथे वैद्य समोर उभा होता, तेवढीसुद्धा लाज त्याला वाटली नाही.

खविसाने पाकीट घेतलं नाही. लेकीने आपली पिशवी मोटरहोममधून काढली आणि बापाच्या गाडीत जाऊन बसली. "तुम्ही व्हा पुढे, मी आईबाबांबरोबर जाते," म्हणाली. विहीणबाईंना खरा धक्का आत्ता बसला. "अगं, मग संध्याकाळी तिथे स्वयंपाक कोण करणार?" त्या म्हणाल्या.

पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले होते. पुलावरून खाली उतरल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, काका गेला तेव्हा मागे गाडी का नव्हती?"

खवीस रस्त्याकडे बघत राहिला. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, पण ती मधे पडली नाही.

"मी पाठवलं होतं त्याला," तो म्हणाला. "एकट्याला. गिऱ्हाईक अर्ध्यात मागत होतं, मी हो म्हणालो. आज तुला म्हणालो तसंच."

लेकीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती बापाजवळ आणखी सरकून बसली. मग म्हणाली, "आणि तो माणूस? त्याने ते अर्धे तरी दिले?"

आईने सांगितलं.

"मी गेले होते त्याच्याकडे. म्हणाला, काम कुठे पुरं झालं होतं?"