झेरॉक्सवाल्याचा प्रश्न

तिरोड्यात तहसील कचेरीसमोर एक झेरॉक्सवाला आहे. वाचल्याशिवाय तो कागद मशीनवर ठेवत नाही. सातबारा असो की लग्नाचा बायोडाटा, ओठ हलवत अख्खा वाचतो आणि मागची रांग वैतागते. मला मात्र तो आवडतो, कारण वाचायच्या आधी स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवतो. मला सततच्या थकव्याचा आजार आहे. नुसती आंघोळ केली तरी तासभर पडावं लागतं.

एकदा डॉक्टरांनी पेपरातलं एक कात्रण झेरॉक्स काढून घ्यायला दिलं. रोज थोडं थोडं जास्त चाललं की हा थकवा जातो, असं संशोधन त्यात होतं. त्यांच्या सांगण्यावरून मी तसा चाललोही होतो आणि नंतर आठवडाभर खाटेवरून उठलो नव्हतो.

झेरॉक्सवाल्यानं कात्रण दोनदा वाचलं.

"शेवटपर्यंत चालले ते सुधरले म्हणते. मधातच ज्याईनं खाट धरली, त्याईले कोनं मोजलं जी?"

आणि लाल पेननं हाच प्रश्न त्यानं माझ्या कॉपीवर लिहून दिला.

झेरॉक्सवाल्यानं लिहिलंय, असं सांगून मी कॉपी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी प्रश्न वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मला वाटलं, आता चिडणार. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि आणखी तीन कात्रणं माझ्यापुढे ठेवली.

"हीसुद्धा त्याच्याकडूनच झेरॉक्स करून आणा," ते म्हणाले. "तोवर चालणं बंद."