पोकळीबाई

माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या संस्थेत सगळे पोकळीबाई म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. तिलाही ते आवडायचं. नवऱ्याच्या आडनावापेक्षा हे नाव बरं, निदान स्वतः कमावलंय, असं ती भावोजींच्या समोरच म्हणायची आणि भावोजी हातातला चष्मा पुसत नुसतं ‘बरं बाई’ म्हणायचे. त्यांचं चष्म्याचं दुकान, माझं शिवणकामाचं. पोटापाण्यासाठी आकाशाकडे बघणारी आमच्यात ताई एकटीच.

तिचं काम अवकाशातल्या धुळीचं. कायम एकच बाजू सूर्याकडे ठेवून त्याच्याभोवती फिरणाऱ्या एका यानाच्या कुशीला बादलीच्या तोंडाएवढा एक डिटेक्टर बसवलेला आहे. धुळीचा कण आतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्रीवर आदळला की त्याची वाफ होते, बारीकशी विजेची चुणूक उठते, आणि तेवढ्यावरून कण केवढा होता ते कळतं. आत शिरताना त्याने कुठली जाळी ओलांडली, त्यावरून तो कुठल्या दिशेने आला तेही कळतं.

ताई नोकरीला नवीन होती तेव्हाच तिने या नोंदींमधून एक नवल शोधून काढलं होतं. सगळीकडून धूळ येत होती, फक्त एका पट्ट्यातून येत नव्हती. यान वाटेवर कुठेही असो, सूर्याच्या हिशोबाने तो कोरा पट्टा नेमका त्याच बाजूला. सूर्यप्रकाशाचा रेटा तिथली बारीक धूळ झाडून नेत असणार, असं तिने मांडलं आणि ते जाणकारांना पटलं. धूळपोकळी हे नाव, ती ज्यांच्या हाताखाली काम करायची त्या सरांनी दिलं. त्या पोकळीवर ती देशोदेशी बोलून आली. तिची नोकरी पक्की झाली. पुढे तर त्या पोकळीत नीट डोकावून बघण्यासाठी संस्थेने दुसरं यान बांधायला घेतलं, आणि त्याची जबाबदारी जिच्यावर आली ती मुलगी ताईच्याच हाताखाली शिकलेली. तिला सगळे धाकटी म्हणतात.

पहिलं यान आता थकलं होतं. ते बंद करायचं ठरलं आणि त्याच्या सगळ्या नोंदी पुढच्या पिढ्यांसाठी जतन करायच्या ठरल्या. जतन करणाऱ्यांनी विचारलं, डिटेक्टर यानावर कुठे आहे, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, त्याला आकाशाचा केवढा भाग दिसतो आणि मध्ये काय काय आडवं येतं, हे कुठे लिहिलंय? ते कुठेच एकत्र लिहिलेलं नव्हतं. कंटाळवाणं काम. प्रत्येकाने ते पुढच्याकडे सरकवलं. ताई म्हणाली, द्या इकडे, मी करते. आपल्या घराचा पत्ता आपणच सांगावा, तशा हौसेने तिने ते घेतलं.

दिशा आणि कोन जुन्या ड्रॉइंगमध्ये मिळाले. आडवं काय येतं, हे मात्र ड्रॉइंगवरून नीट समजेना. संस्थेच्या मोठ्या हॉलमध्ये त्या यानाचं जुळं भावंड उभं होतं. उडवायच्या आधी जमिनीवर चाचण्या करायला हुबेहूब तसंच बांधलेलं. पाहुण्यांना ते दाखवायचे, पण डिटेक्टरची बाजू कायम भिंतीकडे. ताईने हॉलच्या शिपायाला सांगून ते चाकांवरून पुढे ओढून घेतलं. माझ्या दुकानातून तिने पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ नेलं होतं. दोऱ्याचं एक टोक आतल्या पत्रीच्या मधोमध चिकटवायचं आणि दुसरं ताणून बाहेर न्यायचं. दोरा कुठेही न अडता गेला, की तेवढं आकाश दिसतं. इतकं साधं.

‘वर गेला, उजवीकडे गेला,’ ती मला नंतर सांगत होती. ‘खाली डावीकडे नेला आणि कशाला तरी टेकला.’

काळ्या रंगाचा एक पातळ पत्रा होता. शेजारच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात ऊन जाऊ नये म्हणून लावलेला आडोसा. ड्रॉइंगमध्ये असा पत्रा नव्हता. तिला आधी वाटलं, पाहुण्यांना दाखवण्यासाठी कुणीतरी उगाच काहीतरी अडकवलंय. मग तिने पत्र्याच्या दोन्ही कडांपर्यंत दोरा ताणून कोन मोजले. पोकळीचे कोन तिला घरच्या फोन नंबरसारखे पाठ होते. तेच आले. तिने हात पुसले, पुन्हा मोजले. तेच.

ती तिथेच फरशीवर बसली. शिपाई पाणी घेऊन धावला.

‘बाई, चक्कर आली का?’

‘नाही. पत्रा आहे तिथे.’

‘हो, आहे की,’ तो म्हणाला आणि पाण्याचा पेला तिच्या हातात देऊन वाट बघत उभा राहिला.

घरी न जाता ती माझ्या दुकानात आली. मी एका कोटाचं अस्तर बेतत होते. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि कात्रीकडे बघत म्हणाली, ‘माझी पोकळी म्हणजे पत्र्याचा आडोसा आहे गं. धूळ येत होती. आम्हाला दिसत नव्हती, एवढंच.’

मला अर्धंच कळलं, पण तिचा चेहरा बघून मी कात्री खाली ठेवली. आमची आई गेल्याचा निरोप आला तेव्हाही ती अशी दिसली नव्हती. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, ‘जुळ्यावर आहे म्हणून खऱ्यावर असेलच कशावरून?’

तेवढ्या शब्दांना ती लोंबकळली. पत्रे बसवणारे फिटरकाका केव्हाच निवृत्त झाले होते. तिने माझ्या समोरच त्यांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

‘तो काळा पत्रा ना?’ काकांना लगेच आठवलं. ‘उड्डाणाच्या तोंडावर निरोप आला, कॅमेऱ्याला ऊन लागतंय म्हणून. दोन्ही यानांवर मीच लावला. चांगला घट्ट आवळलाय.’ मग जरा थांबून त्यांनी काळजीने विचारलं, ‘का हो, पडला का?’

‘नाही काका,’ ताई म्हणाली. ‘पक्का आहे.’

फोन ठेवल्यावर ती हसायला लागली, आणि ते हसणं कुठे वळलं ते मला सांगवत नाही. मी दुकानाचं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. एकटी जाण्याची छाती होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. सर आता फार थकलेत, गुडघ्यांवर शाल घेऊन खिडकीशी बसलेले असतात. त्यांच्या सुनेने आम्हाला आत नेलं आणि चहा ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली. ताईने सगळं सांगितलं. पत्रा, कोन, फिटरकाका. मला वाटलं, म्हातारा माणूस, धक्का बसेल, सुनेला हाक मारावी लागेल. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘मला शंका होती.’

‘कसली?’

‘पट्ट्याची कड फार सरळ होती. धुळीची कड इतकी सरळ नसते. मला तेव्हाच वाटलं होतं, यानावरचंच काहीतरी मध्ये येतंय.’

ताईने खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

‘मग तुम्ही विचारलं का नाही, सर?’

‘विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं,’ सर म्हणाले. ‘तुझी नोकरी पक्की व्हायची होती. संस्थेकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. म्हटलं, कुणीतरी काढेल शोधून. मग वर्षं गेली आणि कुणी काढलंच नाही.’

‘म्हणजे माझी नोकरीसुद्धा...’

सुनेने चहा आणून ठेवला. आजवर सरांच्या घरून काही न घेता ताई कधी उठलेली नव्हती. त्या दिवशी उठली. जिना उतरताना तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ दिसत होते. पत्र्याचं काही नाही गं, रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, पत्रा निर्जीव आहे. पण हे.

भावोजींना तिने त्या संध्याकाळी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, ‘दुसरं यान कुठवर आलंय?’ त्यांना आकाशातलं फारसं कळत नाही, पण नेमकं दुखणं त्यांना कळलं. दुसऱ्या यानाचा डिटेक्टर पोकळीकडे तोंड करून बसवायचा होता. त्याची नजर मुद्दाम अरुंद केली होती. उरलेलं आकाश त्याला दिसणारच नव्हतं.

संस्थेच्या बैठकीत तिने सांगितलं तेव्हा मी नव्हते, पण धाकटीने मला नंतर सांगितलं. ताईने प्रस्तावना केली नाही. जुळ्याचे फोटो पडद्यावर दाखवले, दोरा कुठे टेकला ते दाखवलं, आणि म्हणाली, पोकळी नाही, ती कधीच नव्हती, दुसऱ्या यानाचं तोंड फिरवा. सरांबद्दल एक अक्षर बोलली नाही. संचालक फोटोकडे इतका वेळ बघत बसले की कुणीतरी पडदाच अडकला असं समजून बटण दाबलं. मग एकाने विचारलं, हे नक्की का? दुसरा हसला आणि लगेच गप्प झाला. धाकटी उठून बाहेर गेली. तिच्या हाताखालच्या पाच जणांचं सगळं काम त्या अरुंद नजरेवर उभं होतं.

पत्र्याआडचा भाग वगळून नोंदी नव्याने मांडल्या तेव्हा धूळ सगळीकडून जवळपास सारखीच येताना दिसली. त्यात मोठं काहीच निघालं नाही. एखादं छोटंसं नवल तरी निघेल अशी मला वेडी आशा होती, पण नाही. दुसऱ्या यानाचा डिटेक्टर मात्र अजून बसवायचा राहिला होता, म्हणून निभावलं. त्याचं तोंड रुंद केलं, बैठक बदलली, उड्डाण लांबलं. मध्यंतरी सर गेले. ताई त्यांना भेटायला पुन्हा गेली नव्हती. निरोप आला तेव्हा ती पाय ओढत गेली, त्यांच्या घराच्या पायरीशी थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. रडली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, मला अजून खरंच वाटत नाहीये. सर गेलेत ते म्हणतेस की ते बोलले ते, असं मी विचारणार होते.

तो दस्तऐवज तिने पुरा केला. डिटेक्टरची जागा, दिशा, दिसणाऱ्या आकाशाचा आकार आणि शेवटी काळा पत्रा, त्याच्या कडांच्या कोनांसह. आपला जुना निष्कर्ष या पत्र्यामुळे चुकला, हेही तिने स्वतःच्या नावानिशी त्यात लिहिलं. संस्थेत आता तिला कुणी पोकळीबाई म्हणत नाही. कुणी ठरवलं नव्हतं, आपसूक थांबलं. पहिले काही महिने लोक तिला हाकच मारत नव्हते, नुसते समोर येऊन उभे राहायचे.

धाकटी सगळ्यात उशिरा आली. फार दिवसांनी एका दुपारी ती ताईच्या टेबलाशी आली आणि खुर्ची ओढून बसली.

‘मला तुमचा राग आलाय,’ ती म्हणाली.

‘येणारच.’

‘अजून गेला नाही.’

‘नको जाऊ दे. बस.’

धाकटीने दुसऱ्या यानाचं बदललेलं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. डिटेक्टरच्या तोंडापाशी बोट ठेवलं आणि विचारलं, ‘इथून काय काय दिसेल, ते माझ्याबरोबर बसून बघाल का?’ ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि दोघी ड्रॉइंगवर वाकल्या.