दर पिढीला एक

आमचं घराणं अरबांचं. पेशवाईच्या शेवटी खान्देशातल्या गढ्यांवर अरब शिपाई असत, त्यांतला एक जमादार हा आमचा मूळ पुरुष. इंग्रज आले तेव्हा काही अरब लढून मेले, काहींना देशाबाहेर घालवलं. आमच्या जमादाराने वेळीच बंदूक खाली ठेवली आणि जमीन मिळवली. घरात ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. मला ती व्यवहाराची वाटते, आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

बोदवडकडे जाताना आमचं गाव लागतं. एके काळी रस्त्याच्या दोन्ही अंगांचा कापूस आमचाच होता. बरीच जमीन सीलिंगमध्ये गेली, उरलेली भावाभावांत वाटली गेली. मग घराने नगरपालिका धरली. आजोबा नगराध्यक्ष होते, त्यांच्यानंतर मोठे काका, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणतो. मी सांगते त्या वेळी माझा भाऊ नगरसेवक होता. निवडणूक आली की अजूनही सगळ्या पक्षांचे लोक आमच्या ओसरीवर येऊन कहवा पितात आणि मतं दुसऱ्यालाच देतात.

लग्नाच्या बाबतीत मात्र घराने शिपाईगिरी सोडली नाही. सोयरीक घेऊन कुणी आलं की दोन्हीकडचे मोठे पुरुष आपला शिजरा म्हणतात. म्हणजे स्वतःपासून मागे बापाचं नाव, त्याच्या बापाचं, असं थेट अरबस्तानातल्या गावापर्यंत. बडे अब्बा डोळे मिटून, एकही नाव न चुकवता म्हणतात. त्या यादीत एकही बाई नाही. जमादार बोटीतून एकटाच उतरला होता, तेव्हा त्याची बायको इथलीच कुणी असणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तिचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

अशी शिजरा सांगणारी घरं आता खान्देशात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. मला धुळ्यातलं एक मिळालं. लांबच्या नात्यातला नवरा, स्वभावाने बरा. शाळांचे गणवेश शिवायचा कारखाना मी काढला तेव्हा त्याने आडकाठी केली नाही. सगळ्यांना असं मिळत नाही. माझ्या वडिलांच्या बहिणीला, बडी फूफीला, मिळालं नाही. जी स्थळं आली ती शिजऱ्यात अडकली, मग येईनाशी झाली. बडी फूफीच्या आधी त्यांची फूफी अशीच राहिली होती. मला ती अंधुक आठवते. टक्कल पडलेली, खाटेवरची म्हातारी, आणि तिला भरवणारी, धुणारी, कुशीवर वळवणारी तरुण बडी फूफी. ते मला तेव्हा प्रेम वाटायचं. नसेलच असं नाही.

काही वर्षांपूर्वी बडी फूफी मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन जळगावला झालं. घरी आणल्यावर माझ्या भावाची मुलगी त्यांच्या दिमतीला लागली. ती बी.एड. होऊन एका शाळेत शिकवत होती. रजा वाढवत वाढवत शेवटी नोकरी गेली. व्यायाम करून घ्यायला पिंप्राळ्याचा एक फिजिओथेरपिस्ट मोटरसायकलवर यायचा. हसतमुख, कामापुरतं बोलणारा. त्याने बडी फूफीला वॉकर धरून अंगणापर्यंत चालवलं. तेवढ्या काळात माझ्या भाचीचं आणि त्याचं ठरलं.

मुलगा पिंजाऱ्यांचा. घरात कळल्यावर आरडाओरडा होईल असं मला वाटलं होतं, पण झाला नाही. माझा भाऊ गप्प बसला, कारण त्याच्या वॉर्डात पिंजाऱ्यांची घरं भरपूर होती आणि निवडणूक तोंडावर होती. बडे अब्बा थकले होते. ते म्हणाले, येऊ द्या त्यांना, रीतीप्रमाणे बसू, शेवटी घरातली मोठी बाई ठरवेल. आमच्याकडे तशी रीत आहे. शिजरा झाल्यावर कहव्याचा दुसरा पेला आतून आला तर होकार. नाही आला तर पाहुण्यांनी समजून उठायचं. तो पेला घरातली सर्वांत मोठी बाई पाठवते. आई आणि काकी गेल्यापासून ती बडी फूफी होती. मी धुळ्याहून आदल्या दिवशीच गेले. मला खात्री होती की जिचं आयुष्य याच रीतीने खाल्लं ती ही रीत दुसरीवर चालू देणार नाही.

मुलाचे वडील दुपारी आले. गाद्या भरायचं दुकान, कानशिलावर कापसाचे तंतू अजून चिकटलेले. बडे अब्बांनी आपला शिजरा म्हटला. मुलाचे वडील शांतपणे ऐकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"माझा बाप कापूस पिंजायचा. त्याचा बापही पिंजायचा. त्याच्या मागचं आम्ही कधी विचारलं नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कापूस मात्र तुमच्याच शेतातला असायचा, मालक."

माझ्या भावाला हसू आलं. बडे अब्बा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. पहिला पेला सगळ्यांचा झाला. दुसरा येईना. मी उठून आत गेले.

बडी फूफी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, किटली समोर गॅसवर. माझी भाभी कांदा चिरत होती. मी म्हटलं, पाहुणे थांबलेत.

"थांबू दे."

मुलगा चांगला आहे, त्यानेच तुम्हाला उभं केलं, मी म्हणाले. त्या म्हणाल्या, हो, चांगला आहे. मग मी शिजऱ्यावर बोलायला लागले, आला तेव्हा जमादारही कुठे बायको घेऊन आला होता वगैरे. बरीच तयारी करून आले होते. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"शिजरा गेला चुलीत. ही गेली तर मला संडासला कोण नेईल? तुझी भाभी?"

भाभी कांदा चिरत राहिली.

मी म्हणाले, मी नेते तुम्हाला धुळ्याला. त्यांनी मान हलवली. तुझ्या सासरच्या दारात मरू का, म्हणाल्या. मग पगारी बाई ठेवू, मी देते पैसे. त्या म्हणाल्या, परक्या बाईसमोर उघडी होऊ? आजवर डॉक्टर आणि ही सोडून मला कुणी उघडं पाहिलेलं नाही. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"मी माझ्या फूफीचं सगळं केलं. तेव्हा माझं कोण करणार, हे तुम्ही कुणी मनात तरी आणलंत?"

भाची दारात उभी होती, कधीपासून ते माहीत नाही. तिने पुढे येऊन गॅस बंद केला.

"राहू द्या, फूफी," ती मला म्हणाली. "मी आहे इथे."

बाहेर पाहुणे समजायचं ते समजले होते. गादीवाले उठले, सगळ्यांना सलाम केला आणि भावाला म्हणाले, गाद्या भरायच्या झाल्या तर सांगा. मुलगा अंगणात मोटरसायकलजवळ थांबला होता. भाची त्याच्यापर्यंत गेली. मला वाटलं काहीतरी बोलतील. तो म्हणाला, त्यांचा व्यायाम बंद करू नका, खुबा आखडेल. ती बरं म्हणाली.

नंतर मी तिला फोनवर सांगितलं, जळगावला रजिस्टर करून टाका, साक्षीदार म्हणून मी येते. ती म्हणाली, आणि मग बडी फूफींनी हाक मारली की? मी म्हणाले, मारू दे. तिने फोन ठेवला. मुलगा बराच काळ थांबला, मग भुसावळच्या मुलीशी त्याचं लग्न झालं. माझा भाऊ निवडणूक हरला. पिंजाऱ्यांची मतं फिरली, असं तो अजून म्हणतो. मुलीबद्दल त्याने दाखवलेली हळहळ एवढीच.

यंदा ईदला मी माझ्या मुलीला घेऊन गेले. ती अकरावीत आहे. बडी फूफी आता खाटेवरून उठत नाहीत. भाची त्यांची नखं कापत होती आणि माझी मुलगी जवळ बसून त्यांचं एकेक बोट धरून देत होती. मग माझ्या मुलीनेच त्यांना गोळ्या दिल्या, तोंड पुसलं, उशी सारखी केली. कुणी सांगितलं नव्हतं.

"फूफी, हिला सुट्टीत इकडेच राहू द्या," भाची मला म्हणाली. "हिचा हात हलका आहे. माझ्याकडून गोळ्या घेताना या तोंड वाकडं करतात, हिच्याकडून बघा कशा घेतल्या."

ती चांगल्या मनाने बोलत होती. बडी फूफी माझ्या मुलीकडे बघत होत्या. त्यांनी तिचा हात अजून सोडला नव्हता.

मी मुलीला चप्पल घालायला सांगितलं. जेवणं व्हायची होती. भाभी ताट घेऊन मागे आली, मी मुलीच्या क्लासचं कारण सांगितलं. ईदच्या दिवशी कसला क्लास, असं कुणी विचारलं नाही.

गाडी गावाबाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "मला राहायला आवडलं असतं."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि गाडी थांबवली नाही.