तेस्फायचं खोडलेलं वाक्य

हे मी वैशालीलाही सांगितलेलं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, बायकोला माझ्या पगारापासून दाढदुखीपर्यंत सगळं ठाऊक आहे — हे मात्र नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतोय.

२००४ साली आम्ही कॅनडातल्या कनाटा गावात भाड्याने राहत होतो. मी नागपूरचा, टेलिकॉम कंपनीत टेस्टर. तेस्फाय आमच्या बिल्डिंगची देखभाल करायचा — हीटर, नळ, जिन्यातले दिवे. इरिट्रियातून पळून आलेला. निर्वासित म्हणून इथे राहू द्या, असा त्याने अर्ज केला होता, आणि वकीलबाईंनी सगळी हकीकत इंग्रजीत लिहून मागितली होती. तो इंग्रजी बोलायचा, पण लिहिताना अडायचा. माझ्या इंग्रजीचं तेव्हा चारचौघांत कौतुक व्हायचं. मी म्हटलं, मी टाइप करून देतो.

तीन रविवार तो आमच्या डायनिंग टेबलाशी बसून सांगत होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला, माणसं मूठभर, शेजारी मोठा. सरकारने फर्मान काढलं — अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने, मुलगा असो की मुलगी, दीड वर्ष द्यायचं. सहा महिने कवायत, मग वर्षभर रस्ते बांधायचे, डोंगरांवर झाडं लावायची.

"मला कुणी ओढून नेलं नाही, ब्रदर. मी आनंदाने गेलो. आई ट्रकपर्यंत नाचत आली."

मग सीमेवर युद्ध पेटलं. युद्ध थांबलं, तरी कुणाला घरी सोडेनात. दीड वर्ष संपेचना. आठव्या वर्षी तो पळाला. मागे राहिली म्हातारी आई आणि चौदा वर्षांची मुलगी, सेनाइत. बायको बाळंतपणातच गेलेली. तिकडे आता शाळेचं शेवटचं वर्षही लष्करी छावणीत काढावं लागतं. त्याआधी पोरीला इकडे आणायचं, हाच त्याचा ध्यास.

आणि मी? मला ते 'आनंदाने गेलो' खटकलं. आनंदाने गेलेल्याला कोण आसरा देईल? — मी ते वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, 'पहिल्या दिवसापासून जबरदस्तीने नेलं.' त्याला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "वाचून दाखवू?"

"तू लिहिलंस ना? मग झालं." त्याने सही केली.

सुनावणीत विचारलं, सैन्यात कसे गेलात? त्याने खरं तेच सांगितलं. कागद एक म्हणतो, माणूस दुसरंच. खोटारडा ठरला. अर्ज फेटाळला गेला.

दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंचा फोन. "ते वाक्य त्यांचं की तुमचं? तुमचं असेल तर तसं लिहून द्या, मला पुढे लढता येईल."

माझी सिटिझनशिपची फाइल तेव्हा सरकारी टेबलावर होती. नसती लफडी कशाला — मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं तेच मी टाइप केलं."

एवढंच. फोन ठेवला, आणि ग्रोसरी आणायला गेलो.

तेस्फायने मला कधी जाब विचारला नाही. आपणच बोलताना कुठेतरी चुकलो, असं त्याने धरलं. पण हटला नाही. पुन्हा अप्लाय केलं, पुन्हा तेच खरं सांगितलं. पाच वर्षांनी, वेगळ्या कारणावरून, त्याला राहायची परवानगी मिळाली. बेसमेंटमधल्या लॉन्ड्रीत तो भेटला तेव्हा मी हात मिळवून अभिनंदनही केलं! मग विचारलं, "आता सेनाइत येईल ना?"

"तिला छावणीत जाऊन दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "आता सोडत नाहीत."

मी तेव्हाही गप्प बसलो. तेव्हा तर फाइलही नव्हती टेबलावर. हातात पासपोर्ट होता.

तो आता एटोबिकोला असतो. येत्या शनिवारी मी गाडी काढणार आहे. आज हे वैशालीला वाचायला देईन, आणि परवा त्याच्या दारात उभा राहून सांगेन — ते वाक्य माझं होतं, आणि मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. तो दार लावून घेईल, किंवा घेणार नाही. मी सांगून परत येईन.