अण्णांची तिखट कॉफी

नाकाच्या जोरावर सबंध आयुष्य काढलेला माणूस रेवदंड्यात एकच, आमच्या समोरचे कॉफीवाले अण्णा. तरुणपणी हे गृहस्थ कुर्गहून इथे कॉफी विकायला आले, तेही चहाशिवाय ज्यांचे डोळे उघडत नाहीत अशा आम्हा लोकांना! मग पोटासाठी त्यांनी कॉफीच्याच चक्कीवर मसाला दळायला घेतला. उन्हाळा लागला की कोळणी वर्षभराच्या मिरच्या घेऊन दाराशी बसायच्या आणि अण्णा नुसत्या वासावरून सांगायचे, "मावशी, मिरची ओली हाय. परत वाळव." त्यांची मराठी या बायकांनीच घडवली, म्हणून ते आजही "मी येते, मी देते" असंच बोलतात. मसाल्याने धंदा वाढला, दारात टेम्पो आला, तरी पाटीवर 'कॉफी' मोठी आणि 'मसाले' खाली बारीक अक्षरांत.

कॉफी दळण्याआधी चक्कीत मूठभर तांदूळ दळायचे, पिठाचा वास घ्यायचा, तिखटाचा वास गेला नसेल तर पुन्हा मूठभर. हा नेम त्यांनी सोवळ्यासारखा पाळला. संध्याकाळी साऱ्या आळीला आग्रहाची कॉफी. नको म्हटलं की रुसायचे.

गेल्या वर्षी अण्णा मोठ्या तापातून उठले आणि कॉफी तिखट लागायला लागली. पहिल्याच घोटाला मला ठसका लागला. "कशी हाय?" अण्णा तोंडाकडे बघत होते. "फक्कड!" मी म्हणालो आणि डोळे पुसले. आळीभर हेच चाललं होतं. त्यांनी स्वतः पिणं सोडलं होतं. आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी बंद केली असेल.

शेवटी एक म्हातारी कोळीण बोलली. "अण्णा, ही कॉफी हाय का कालवण?"

अण्णांनी तिचाच कप तोंडाला लावला. खोकले. मग आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"रोज अशीच हाय?"

मी मान डोलावली. तेव्हा त्यांनीच म्हातारीला सांगितलं, तापात नाक गेलं ते आलंच नाही. "मसाल्याला तुमी उभ्या असता, तुमचं नाक चालते. कॉफीला माझंच होतं. मी आता कॉफी नाय करते."

चक्की चालू आहे, पण फक्त मसाल्याची. पाटी तशीच आहे. संध्याकाळी अण्णा रिकाम्या हातांनी दारात बसतात आणि मला फार वाईट वाटतं. तिखट तर तिखट, ती कॉफी हवी होती. आता आम्हीच त्यांना चहा नेऊन देतो.

परवा मी समोर उभा असतानाच त्यांनी सावकाश सगळा कप संपवला.

"फक्कड हाय," म्हणाले.

घरी येऊन मी त्याच चहाचा माझा कप तोंडाला लावला. बायको साखर घालायलाच विसरली होती.